नुसती जखम हाय, म्हणाला

होळीच्या पुरणपोळ्या घरात सगळ्यांनी खाल्ल्या, बायनाबाईला मात्र अर्धीही गेली नाही. घास छातीखाली येऊन अडायचा. दोन घोट पाणी पिलं की पोट डफासारखं तट्ट व्हायचं. हिवाळाभर ती वालूरच्या डॉक्टरचं गुलाबी औषध पीत होती, बाटल्या सरत होत्या आणि पोटातली कळ आपली जागच्या जागी होती.

त्या होळीला तिचा भाऊ नागनाथ परभणीहून आला. कॉलेजात क्लार्क होता. आई गेली तेव्हा हा कडेवर होता आणि बायना परकर नेसत होती. लग्न होऊन ती इकडं आली तर त्यालाही पाठोपाठ घेऊन आली. वालूरच्या शाळेत दहावीपर्यंत तो तिच्याच घरी राहिला. तेवढी वर्षं तिच्या सासूनं, पार्वतीबाईनं, त्याच्या ताटातली भाकर डोळ्यांनी मोजली. "भाऊ पोसायला आलीय का संसार कराया?" हे वाक्य बायनाबाईनं इतकं ऐकलं होतं की त्याचं पुढं काही वाटेनासं झालं होतं.

"आक्का, तू तर पार वाळून गेलीस," नागनाथ म्हणाला. "उद्याच्याला चल माझ्यासंगं."

"हरभरा काढायचा हाय रे."

"दाजी काढतेत हरभरा. चल तू."

परभणीत त्यानं तिला पोटाच्या डॉक्टरीणबाईकडं नेलं. मैत्रेयी मॅडम म्हणायचे त्यांना. घशात कडू फवारा मारला, दातांत नळीचं कडं दिलं आणि काळी दुर्बीण आत सरकवली. बायनाबाईच्या डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहायला लागलं. तिनं हात लांबवला, तर नागनाथनं तो घट्ट धरला. सगळं होईपर्यंत सोडला नाही.

"एक बारीक तुकडा काढलाय," मॅडम म्हणाल्या. "तपासायला पाठवते. रिपोर्ट आला की कळवते. नंबर कोणाचा लिहू?"

भुजंगचा, म्हणजे नवऱ्याचा मोबाइल शेतातल्या आखाड्यावर लागत नव्हता. "माझाच लिवा," नागनाथ म्हणाला.

ती घरी आली आणि चार दिवसांत सगळं बंद झालं. बस बंद, रेल्वे बंद, वालूरचा बाजार बंद. गावातल्या पोरांनी वेशीच्या रस्त्यावर बाभळी तोडून आडव्या टाकल्या. सेलूच्या जिनिंगवर कापूस घेईनात, म्हणून सगळा कापूस घरातच राहिला, आढ्यापर्यंत. त्याच्या बाजूला झोपून अंगाला खाज सुटायची. बायनाबाई खाजवायची आणि पोट धरून कूस बदलायची.

आखाड्यावर विहिरीच्या मातीचा ढिगारा होता. त्याच्यावर चढलं तरच फोनला रेंज यायची. एक दिवस भर दुपारी ती तिथं चढून उभी राहिली.

"नागनाथ, आला का रे रिपोट?"

"आला आक्का, आला." मागं कुकरची शिट्टी ऐकू आली. "काई न्हाई. नुसती जखम हाय पोटात. गोळ्या सांगितल्यात."

"मंग इतकं कामून दुखायलंय?"

"जखम हाय तर दुखणारच की. तिखट कमी कर जरा."

"यिऊ का मी एक डाव दाखवायला? मोटरसायकलीवर घिऊन येतो म्हणायलेत हे."

"न्हाई न्हाई, यिऊ नको!" तो एकदम बोलला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "इकडं लय वाईट हाय आक्का. घरोघर बिमारी झालीया. आन... राजेश्रीला दिवस गेल्यात."

लग्नाला इतकी वर्षं होऊन नागनाथच्या घरी पाळणा हलला नव्हता. बायनाबाई ढिगाऱ्यावरून मुलीसारखी उतरली. कळ विसरली. घरी येऊन तिनं आधी ती बातमी सांगितली आणि मग रिपोर्टाची.

पार्वतीबाई चुलीपुढं बसल्या होत्या. "म्या म्हणत न्हवते?" त्या म्हणाल्या. "एवढी दुर्बीण घालून काय निघालं? खायाचे चोचले."

त्या दिवसापासून तिच्या दुखण्याचा मान गेला. आजवर भुजंग निदान "पडून राहा घटकाभर" म्हणायचा. आता डॉक्टरनंच काही नाही म्हटलंय म्हटल्यावर तो तरी काय म्हणणार? माणूस वाईट नव्हता. पण मृग निघाला तेव्हा मजूर मिळेनात. एका गावची बाई दुसऱ्या गावात येईना. सोयाबीन वर आलं तसं तणही आलं, आणि घरातल्या दोघांनीच खुरपणीला पात धरायची वेळ आली.

बायनाबाई पातीला बसली की पुढं सरकायची ती पोट मांडीवर दाबून. तेवढं बरं वाटायचं. भुजंगची पात कुठल्या कुठं जायची. ती मागं राहायची. मध्येच तोंडात आंबट पाणी यायचं, सकाळची भाकर तशीच्या तशी बाहेर पडायची. मग ती इकडंतिकडं बघायची आणि खुरप्यानं वर माती ओढायची.

"चल, उचल पाय," भुजंग लांबून ओरडायचा. "आभाळ कसं आलंय बग!"

"आले, आले."

"असं मुंगीवानी सरकलीस तर दिवाळीपस्तोर खुरपीत बसावं लागंल."

तिला स्वतःचाच संशय यायला लागला होता. नागनाथ खोटं कशाला सांगेल? डॉक्टरीण कशाला सांगेल? म्हणजे आपणच जरा जास्त करतोय. वय झालं म्हणून अंग चोरायची सवय लागलीय. असं म्हणून ती आणखी जोरानं खुरपं चालवायची आणि संध्याकाळी उठताना भुईला हात टेकून उठायची.

भादव्यात पावसानं तळ ठोकला. शेंगा झाडावरच कोंब धरायला लागल्या. चिखलात पाय रुतवून त्यांनी सोयाबीन कापलं, ढीग लावले, ताडपत्र्या झाकल्या. तोवर तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर जायला लागल्या होत्या. लुगड्याच्या निऱ्या वाढल्या. ताटात तिला भाकर नको वाटायची, म्हणून ती ज्वारीच्या पिठाची आंबील करून प्यायची. तर पार्वतीबाई शेजारणीला सांगायच्या, "आमच्या सुनेला येगळा सैपाक लागतोय बाई आता."

ढिगाऱ्यावर असलं की नागनाथचा फोन मध्ये मध्ये यायचा. गोळ्या खातीस का, एवढं विचारायचा. आणि लगेच ठेवायचा.

त्याला मुलगी झाली. दिवाळीनंतर बस सुरू झाल्या, रोग जरा ओसरला म्हणाले, आणि राहिलेलं बारसं त्यानं उरकायचं ठरवलं. आत्यानं नाव ठेवायचं असतं, म्हणजे बायनाबाईशिवाय ते होणार नव्हतं. तिनं जुन्या खणाची कुंची शिवली, बाजूला गोंडे लावले. बसमध्ये ती पिशवी मांडीवर घेऊन बसली. तोंडाला पदर बांधलेला, पोटाला हात लावलेला.

दार नागनाथनंच उघडलं. तिला बघून तो एक पाऊल मागं सरला.

"लांबून कामून बगायलास?" ती हसली. "मला काई कोरोना झाला न्हाई."

तो हसला नाही. "ये, ये आक्का," म्हणाला आणि मोरीत गेला. नळ सोडल्याचा आवाज आला. बराच वेळ नळ चालू होता.

माणसं थोडीच होती. सगळ्यांच्या तोंडांवर मास्क. बायनाबाईनं पाळण्याजवळ जाऊन बाळाच्या डोक्यावर कुंची घातली, कानाशी वाकून कुर्र केलं आणि नाव सांगितलं. "भक्ती." पोरीनं डोळे मिचकावले. बायनाबाईला वाटलं, आई असती तर. मग सगळ्यांच्या हातावर घुगऱ्या दिल्या. तिनंही चार दाणे तोंडात टाकले, आणि तिला पळत मोरी गाठावी लागली.

राजेश्री बाळंतीण होती तरी उठून आली. तिच्या पाठीवरून हात फिरवता फिरवता तिच्या बोटांना मणके लागले असावेत. ती दचकली.

"आवो," तिनं नवऱ्याला हाक मारली. "आक्काला परत एकदा दाखवा की. हे काई बरं दिसंना मला."

"दाखवू," नागनाथ दारातून म्हणाला. "जरा हे कमी होऊ दे. आत्ताच दवाखान्यात कशाला न्यायचं माणसाला."

संध्याकाळच्या बसला तो सोडायला आला. गोळ्यांची पिशवी दिली. मग भर स्टँडात वाकून तिच्या पायावर डोकं ठेवलं आणि लवकर उठला नाही.

"उठ रे," ती म्हणाली, "लोक बगायलेत." बस हलली तरी तिला गंमत वाटत होती. बाप झाला आणि माणूस हळवा झाला.

संक्रांतीनंतर ज्वारी निसवली होती. पाखरं राखायला बायनाबाई आखाड्यावर गेली आणि शेताच्या धुऱ्यावर बसल्या जागी तिला उलटी झाली. काळी. चहाच्या चोथ्यासारखी. भुजंग बैलांना पाणी पाजत होता. त्यानं बघितलं आणि दावं टाकून पळत आला. तिला उचललं, तर हात हलका पडला. इतकी हलकी झाली होती ती, आणि त्याला ठाऊकच नव्हतं.

ढिगाऱ्यावर चढून त्यानं नागनाथला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. उचलला नाही. मग गावातल्या बन्सीधरची जीप सांगून त्यानं तिला सरळ परभणीला, त्याच डॉक्टरीणबाईकडं नेलं.

मैत्रेयी मॅडमच्या तोंडाला मास्क होता आणि वर प्लास्टिकची पारदर्शक ढाल. बायनाबाईला टेबलावर निजवलं. मॅडमनी पोट दाबून बघितलं, दाबता दाबता थांबल्या, आणि तिच्या तोंडाकडं नीट बघितलं.

"तुम्ही वालूरच्या ना? सगळं बंद व्हायच्या आधी दुर्बीण केलेल्या तुम्ही माझ्या शेवटच्या पेशंट. मग ऑपरेशन कुठं केलंत?"

"कसलं आपरेशन?" भुजंगनं विचारलं.

"पोटाचं. केलं ना?"

"न्हाई बा. नुसती जखम हाय म्हणले न्हवं तुमी?"

मॅडमनी ढाल काढली आणि स्टुलावर बसल्या. "असं मी म्हणाले नाही," त्या हळू बोलल्या. "मी यांच्या भावाला फोनवर सांगितलं होतं. स्वतः. जठराचा कॅन्सर आहे, ऑपरेशन होण्यासारखा आहे, जिथं घेतील तिथं घेऊन जा म्हणून. तेव्हा कुणी घेतही नव्हतं, ते खरं. मोठ्या दवाखान्यांत सगळे वॉर्ड कोरोनाला दिले होते. पण पावसाळ्यात हळूहळू ऑपरेशनं सुरू झाली होती. मला वाटलं, तुम्ही गेला असाल. मीही पुन्हा फोन करायला हवा होता. मला स्वतःलाच कोरोना झाला, दवाखाना बंद पडला. नाही केला फोन."

बायनाबाई छताकडं बघत होती. तिला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे दुखत होतं. खरंच दुखत होतं. ती अंग चोरत नव्हती. आणि त्याच्या मागोमाग दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली. नागनाथला हे सगळं ठाऊक होतं.

फोटो काढले. यकृतावर गेलं होतं, पोटात पाणी धरलं होतं. आता कापता येणार नाही, मॅडम म्हणाल्या. सलाइनमधून औषधं देता येतील, तेवढाच काळ लांबेल. मोठ्या शहराच्या कॅन्सरच्या दवाखान्याचा पत्ता त्यांनी दिला.

बाहेर पायरीवर भुजंगनं तिला बसवलं. तिची चप्पल निसटली होती, ती घालायला तो खाली बसला आणि बसूनच राहिला. चप्पल त्याच्या हातात.

"म्या तुला मुंगी म्हणालो," तो म्हणाला.

"तुमाला काय ठावं होतं."

"त्याचा मुडदा पाडतो आता."

"ते मागनं," ती म्हणाली. "आधी मला तितं न्या. मला इचारायचंय."

नागनाथ घरीच होता. दोघांना दारात बघून त्याला काही सांगावं लागलं नाही. तो भिंतीला टेकला आणि खाली बसला. राजेश्री पोरीला खांद्यावर घेऊन थोपटत होती.

"डॉक्टरीणबाईकडून आलोत," बायनाबाई म्हणाली. "कवा कळलं होतं तुला?"

"आक्का..."

"कवा?"

"तू ढिगाऱ्यावरनं फोन केलतास ना. त्याच्या आदल्या दिवशी."

राजेश्रीचा हात थांबला. "काय कळलं होतं?" तिनं विचारलं. मग तिला ते आपोआप समजलं आणि ती पोरीला घट्ट धरून आतल्या खोलीच्या उंबऱ्यात जाऊन उभी राहिली.

"कुठं नेलो असतो मी तुला?" नागनाथ बोलायला लागला. "सगळं बंद होतं आक्का. दवाखान्यातून बिमारी घेऊन माणसं मरायलीती. तू हितं आली असतीस, माझ्या घरात राहिली असतीस, आन राजेश्रीला काई झालं असतं तर? इतक्या वर्षांनी... म्हणलं, उघडू दे सगळं, मंग सांगू. उगं घोर कशाला लावायचा. मंग उघडलं, आन मला तोंड हुईना. रोज म्हणायचो, आज सांगतो."

"बारशाला आले होते मी."

त्यानं उंबऱ्यातल्या पोरीकडं बघितलं.

"तुझ्या लेकीच्या कानात नाव सांगितलं. तू बगायलतास."

"आक्का, मला लय भेव वाटलं."

"मला न्हवतं वाटलं?" ती म्हणाली. आवाज चढला नाही. तेवढा जोरच नव्हता तिच्यात. "तू नेलं नसतंस तरी चाललं असतं, नागनाथ. दवाखाने बंद होते, खरं हाय. काय माहीत, नेलं असतंस तरी मेलेच असते. पर मला कळाया पायजे होतं. माझं होतं ते. त्या पोटानं म्या सारं सोयाबीन खुरपलं. वकलेली भाकर मातीनं झाकली. घरात अंगचोर झाले मी, कामचुकार झाले. म्हाताऱ्या सासूचं ऐकलं. आन मलाबी तेच खरं वाटलं. तू म्हणालास म्हणून."

भुजंग मुठी वळून उभा होता, पण पुढं गेला नाही. नागनाथ गुडघ्यांत डोकं घालून रडत होता. अशा माणसाला मारायचं तरी कुठं?

"चला," बायनाबाई म्हणाली. उठताना तिनं कोणाचा हात घेतला नाही.

गावी आल्यावर भुजंगनं आईला सांगितलं. पार्वतीबाईंनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्यांनी स्वतः आंबील केली, फुंकून निववली आणि सुनेच्या हातात वाटी दिली. बायनाबाईनं ती घेतली. पण प्यायची इच्छा नव्हती.

मोठ्या शहरात सलाइनवरची औषधं सुरू झाली. पहिल्या खेपेलाच तिनं भुजंगला एक साधा फोन घ्यायला लावला आणि दवाखान्यात तोच नंबर दिला. "काई बी असलं तर मला फोन करायचा," तिनं तिथल्या नर्सला बजावलं. "दुसऱ्या कुणाला न्हाई." फोन ती कमरेला खोवून ठेवायची आणि दिवसातून चारदा ढिगाऱ्यावर चढून बसायची.

केस गळाले, तोंड आलं. पण एक पेला दूध पोटात ठरायला लागलं. आणि तेवढ्यात पुन्हा सगळं बंद पडलं. ही लाट पहिलीपेक्षा वाईट होती. गावातच माणसं मरायला लागली. बस बंद, आणि बन्सीधरची जीप रोज पेशंट घेऊन परभणीला जायची. फोन आला, तिच्या कमरेचा.

"मावशी, या खेपेला येऊ नका. बेड नाहीत. आम्ही कळवतो."

"बरं," ती म्हणाली. तिनं ऐकलं, कळलं आणि आपल्या तोंडानं भुजंगला सांगितलं.

दोन खेपा चुकल्या. पोटातलं पाणी वाढलं. उन्हं कडक झाली तेव्हा दवाखान्यातून या म्हणून निरोप आला, पण गाडी कुठं मिळेना. ते नागनाथला कसं कळलं कोण जाणे. रोज परभणीला जाणाऱ्या बन्सीधरनं सांगितलं असेल. तो कोणाची तरी गाडी आणि पोलिसांचा पास घेऊन भल्या पहाटे दारात हजर झाला. भुजंगनं बायकोकडं बघितलं.

"बसू," ती म्हणाली. "जायला तर पायजे."

ती मागं भुजंगच्या मांडीवर डोकं ठेवून निजली. रस्त्यानं नागनाथ आरशातून बघत होता. जालन्याच्या अलीकडं त्यानं तोंड उघडलं.

"आक्का, मला माफ कर म्हणायचं तोंड न्हाई माझं, पर..."

"गाडी चालव," ती म्हणाली.

दवाखान्यात तपासण्या झाल्या. दुपारी एक तरुण डॉक्टर खोलीत आले. कागद चाळले, तिच्याकडं एक नजर टाकली आणि शिकलेला माणूस म्हणून नागनाथकडं वळले. "तुम्ही नातेवाईक ना? जरा बाहेर येता? बोलायचंय."

नागनाथचा पाय उचलला गेला.

"त्याला न्हाई," बायनाबाई खाटेवरून म्हणाली. कोपरावर जोर देऊन ती अर्धी उठली. "पोट माझं हाय. मला सांगा. हितंच."

डॉक्टर घुटमळले. "मावशी, तुम्ही आराम करा. आम्ही त्यांना..."

"त्याला सांगून मला कळत नसतंय, सायेब." मग भावाकडं बघून म्हणाली, "तू भायेर थांब."

तो गेला. भुजंग उशाशी उभा राहिला. डॉक्टरांनी खुर्ची ओढली, तिच्यासमोर बसले आणि सांगायला लागले. मधल्या खंडात आजार वाढला होता. आता त्या औषधांचा उपयोग नव्हता, त्रासच झाला असता. पाणी काढून देऊ, दुखायचं कमी होईल असं औषध देऊ, आणि घरी राहावं. ती मान हलवत ऐकत राहिली. मध्ये तिनं दोन गोष्टी विचारल्या. दुखणं लय वाढंल का, आणि पेरणीपस्तोर हाय का मी. डॉक्टरांनी दोन्हींची उत्तरं दिली. दुसरं उत्तर देताना त्यांनी नजर खाली घेतली नाही, ते तिला बरं वाटलं.

पाणी काढल्यावर भुजंगच्या खांद्याला धरून ती बाहेर आली. व्हरांड्यात गर्दी होती, माणसं फरशीवर निजली होती. नागनाथ भिंतीपाशी उभा होता. तो पुढं झाला.

"काय म्हणले, आक्का?"

तिनं त्याच्याकडं बघितलं. नळी घशात असताना धरलेला हात तोच होता, मळकट बाहीत लोंबणारा. तिला त्याची कीव आली नाही, आणि रागही यावा तेवढा आला नाही.

"आता औषध न्हाई म्हणले," ती म्हणाली. "पेरणी बगायला मिळायची न्हाई. घरी न्या म्हणले."

त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. तो तिचे पाय धरायला वाकला.

"रडायचं तर मागनं रड," बायनाबाई म्हणाली. तिनं पाऊल बाजूला घेतलं आणि भुजंगच्या आधारानं जिन्याकडं वळली. "आधी गाडी काढ. ऊन लय झालंय."